१६ मिमी प्रिंटवरून एक जुना गुन्हेपट: तपासणी, दुरुस्ती आणि स्कॅनच्या नोंदी

काम असं: १९५० च्या दशकातल्या एका कृष्णधवल हिंदी गुन्हेपटाची १६ मिमी प्रिंट तपासायची, दुरुस्त करायची आणि स्कॅन करून हॉलमध्ये दाखवण्याजोगी करायची. १९५१ च्या ‘बाजी’नंतर मुंबईत क्लब, सिगारेट, पाऊस, फसलेलं प्रेम आणि उशिरा पोचणारा इन्स्पेक्टर अशा सिनेमांची रांग लागली, त्यातलाच हा एक. प्रिंट एका संग्राहकाची आहे, म्हणून सिनेमाचं नाव इथे नाही. गणेशोत्सवात मंडपाबाहेर पडदा बांधून दाखवत, तशी वापरून झिजलेली प्रिंट. अशा प्रिंटा महाराष्ट्रात अजून बऱ्याच कपाटांवर पडून आहेत, त्या हाताळू पाहणाऱ्यांसाठी या नोंदी.

१४ ऑक्टोबर

पाऊस पूर्ण ओसरेपर्यंत डब्यांना हात लावला नव्हता. दमट हवेत चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर फुगतो, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि रीळ सोडवताना चित्रच उपटून येतं.

पत्र्याचे तीन डबे, प्रत्येकात २००० फुटी स्पूल. पहिल्या दोघांना नुसता बंद कपाटाचा वास. तिसऱ्याचं झाकण उचलल्याबरोबर नाकात व्हिनेगरचा भपकारा. अॅसिटेट बेस, म्हणजे फिल्मची प्लास्टिकची पट्टी, कुजायला लागला की अॅसेटिक आम्ल सुटतं, ते डब्यात कोंडलं की कुजण्याचा वेग आणखी वाढतो. तिसरं रीळ लगेच वेगळ्या खोलीत, झाकण न लावता. जवळची चांगली रिळंसुद्धा या वाफेनं बिघडतात, म्हणून ‘नंतर बघू’ चालत नाही.

तिन्ही डब्यांत ए-डी पट्ट्या, म्हणजे आम्ल किती सुटलंय ते रंगावरून दाखवणारे कागद, ठेवल्या. पट्टी निळीची हिरवी आणि हिरवीची पिवळी होत जाते. सोबतच्या पेन्सिलीवरच्या रंगांशी जुळवून ० ते ३ असा आकडा वाचायचा. साध्या खोलीच्या तापमानाला एक दिवस द्यावा.

काठावर ‘सेफ्टी’ ही अक्षरं आहेत का तेही पाहिलं. कोडॅकनं १९२३ मध्ये १६ मिमी फिल्म आणली ती सेफ्टी बेसवरच, त्यामुळे या मापात नायट्रेटची, म्हणजे जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिल्मची, धास्ती सहसा नसते. ३५ मिमीचं, पन्नासच्या आसपासचं किंवा आधीचं रीळ सापडलं तर मात्र घरी उघडत बसू नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाचा जो साठा जळाला तो नायट्रेटचाच होता.

१६ ऑक्टोबर

पट्ट्यांचे आकडे: पहिलं रीळ ०.५, दुसरं १, तिसरं २ च्या पुढे. १.५ च्या पुढे गेलेलं रीळ आधी स्कॅन करायचं. ते वाट बघत नाही.

आकसणं मोजलं. उपकरण नसलं तरी एक मीटरची पोलादी पट्टी पुरते. १६ मिमी प्रिंटमध्ये दोन छिद्रांमधलं अंतर ७.६२ मिमी, म्हणजे एका छिद्राच्या कडेपासून पुढच्या १०० व्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत ७६२ मिमी भरायला हवं. फिल्म सपाट ठेवायची, पण ताणायची नाही. पहिल्या रिळात ७५७.५ आले, म्हणजे ०.५९ टक्के आकसलेलं. दुसरं जवळपास तेवढंच. तिसऱ्यात ७५३, म्हणजे १.१८ टक्के. एक टक्क्याच्या आसपास गेलेली फिल्म दातेरी चाकांच्या प्रोजेक्टरवर लावली की छिद्रं फाटत जातात. ‘एकदा लावून बघू की’ असं म्हणणारा कोणीतरी भेटतोच. तिसरं रीळ त्याच्या हाती देऊ नये.

काठावर ‘ओर्वो’ हे नाव दिसलं. पूर्व जर्मनीच्या वोल्फेन कारखान्यानं हे नाव १९६४ पासून घेतलं. म्हणजे सिनेमा पन्नाशीतला असला तरी ही प्रिंट किमान दहा-एक वर्षांनी, ३५ मिमीच्या निगेटिव्हवरून लहान करून काढलेली. कोडॅकची काठावरची वर्षचिन्हं दर २० वर्षांनी तीच ती येतात, त्यामुळे नुसत्या चिन्हावरून वर्ष ठोकून देऊ नये. इथे सरळ नावानंच काम झालं.

१९ ऑक्टोबर

लांबी मोजली. ही पायरी बरेच जण गाळतात आणि शेवटी पस्तावतात.

पहिल्या रिळाच्या तोंडाला सेन्सॉर सर्टिफिकेट शाबूत आहे: १४ रिळं, १२,९६० फूट. हा आकडा ३५ मिमीचा. ३५ मिमीत एका फुटात १६ फ्रेम बसतात, १६ मिमीत ४०, म्हणून सर्टिफिकेटवरच्या फुटांना ०.४ नं गुणायचं. ५,१८४ फूट हवे, २४ फ्रेमच्या वेगानं १४४ मिनिटं. हातानं फिरवत, फूट मोजणाऱ्या चाकावरून नेत प्रत्यक्ष भरले ते असे: १,६४८, १,७०२ आणि १,५५५, बेरीज ४,९०५. तूट २७९ फुटांची, पावणेआठ मिनिटं.

नुसत्या तुटक्या जोडांनी पावणेआठ मिनिटं जात नाहीत. या काळातल्या प्रिंटमध्ये एवढं अंतर दिसलं की पहिला संशय गाण्यांवर. गाणी कापून वेगळी ठेवायची आणि त्यांच्या रिळांचा निराळा कार्यक्रम लावायचा, हा उद्योग सर्रास चालायचा.

मोजताना एका वहीत प्रत्येक खोट फूट आणि फ्रेमसकट लिहिली: तुटलेलं छिद्र, जोड, सेलोटेप, बुरशी, रेघ. पुढे प्रत्येक टप्प्याला हीच वही उघडावी लागली.

हातमोजे नायट्रिलचे. सुती मोज्यांचे धागे फाटक्या छिद्रांत अडकतात आणि फाट वाढते. फिल्म फक्त कडांनी धरायची. बोटांच्या चिमटीतून हळू जाऊ दिली की डोळ्यांना न दिसणारी फाटसुद्धा लागते.

२७ ऑक्टोबर

कापलेली गाणी शोधण्याची एक खात्रीची खूण आहे, ती जरा सविस्तर लिहितो.

१६ मिमी प्रिंटवर आवाज चित्राच्या शेजारी नसतो. तो २६ फ्रेम आधी, रिळाच्या तोंडाच्या बाजूला छापलेला असतो. प्रोजेक्टरमध्ये फिल्म आधी चित्राच्या खिडकीतून जाते आणि मग आवाज वाचणाऱ्या ड्रमवर पोचते, म्हणून तेवढं अंतर. आता कोणी चित्र बघून गाण्याच्या पहिल्या फ्रेमला कात्री लावली, तर त्याआधीच्या २६ फ्रेमच्या काठावर गाण्याचा पहिला सेकंद शिल्लक राहतो. प्रिंट चालवली की गाण्यानंतरचं दृश्य सुरू होतं आणि त्यावर सेकंदभर भलतंच वाद्य वाजून बंद पडतं. उलट बाजूला, गाण्यानंतरच्या दृश्याचा पहिला सेकंद गाण्याच्या शेपटावर छापलेला होता, तो गाण्याबरोबर गेला. म्हणून त्या दृश्यातलं पहिलं वाक्य अर्ध्यातून सुरू झाल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या रिळात ९१२ फुटांवर नेमकं हेच. इन्स्पेक्टर टेबलाशी बसलाय आणि मागे अॅकॉर्डियनचे दोन सूर. तिसऱ्या रिळात ४०३ फुटांवर तसंच, तिथे व्हायोलिनं. प्रदर्शनाच्या वेळी थिएटरात विकत त्या गाण्यांच्या पुस्तिकेत सात गाणी आहेत, प्रिंटमध्ये पाच. हिशेब जुळला.

३ नोव्हेंबर

जोडांचं काम. जुने जोड तीन जातींचे निघाले.

सिमेंटचे जोड: अॅसिटेटला विरघळवून चिकटवणारं हे द्रावण वर्षांनुवर्षांनी कोरडं पडतं, जरा वाकवलं की जोड उघडतो. दोन्ही बाजूंनी हलकं वाकवून बघायचं; तडतडला तर सोडवून टेपचा जोड. नव्यानं सिमेंट लावायचं तर इमल्शन, म्हणजे चित्राचा थर, खरवडावं लागतं आणि फ्रेम खाल्ली जाते. टेपच्या जोडात एकही फ्रेम जात नाही. पॉलिएस्टर बेसवर तर सिमेंट धरतच नाही.

सेलोटेपचे जोड: ऑपरेटरनं घाईत लावलेली साधी टेप. हिचा डिंक पिवळा पडून बाजूला ओघळतो आणि वरखालच्या वेटोळ्यांना धरतो. अशा जागी रीळ जोरात सोडवलं की चित्राचे पोपडे निघतात. कापसाचा बोळा लायटरमध्ये भरतात त्या पेट्रोलनं जेमतेम ओला करायचा, डिंकावर थोडा वेळ धरायचा आणि टेप जवळजवळ सपाट, मागच्या दिशेनं ओढायची. उरलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं. अॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, बेसच विरघळतो. खिडकी उघडी, आसपास ज्योत नाही.

तिसरी जात म्हणजे स्टेपलरची पिन. त्याविषयी काय लिहायचं!

तुटलेल्या छिद्रांवर छिद्रं पाडलेली पॉलिएस्टर टेप, फक्त एका बाजूला आणि शक्यतो चित्रात न येता. आवाजाच्या प्रिंटमध्ये छिद्रं एकाच काठाला, फ्रेमला एकच. लागोपाठ तीन-चार गेली की प्रोजेक्टरवर लूप, म्हणजे खिडकीपाशी सैल ठेवलेली फिल्म, सुटणारच. आवाजाच्या काठावर मात्र टेपची कड आडवी येऊ द्यायची नाही, प्रत्येक कडेला ‘टप्’ असा आवाज येतो.

१० नोव्हेंबर

सफाई. जोड पक्के झाल्यावरच, आधी नाही. ओल्या कापडाच्या ओढीनं कच्चे जोड सुटतात.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल आणि धागे न सोडणारं कापड. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं चालत नाही, उरलेलं ३० टक्के पाणी असतं. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणजे बुरशीचा डाग पुसता पुसता नायिकेचा गालही पुसला जायचा. कापड दमट, भिजलेलं नाही. हात आणि घेणारं स्पूल यांच्यात इतकं अंतर की गुंडाळण्याआधी फिल्म कोरडी व्हावी. कापडाची घडी दर थोड्या फुटांनी बदलायची, नाहीतर गोळा झालेली कचच रेघा पाडते.

तिसरं रीळ वाटीसारखं वाकलेलं. त्याला कापड लावलं नाही, फक्त चिकट रबरी रोलरवरून एकदा नेलं.

१८ नोव्हेंबर

टेस्ट स्कॅन, साधारण १०० फूट: एक रात्रीचा रस्ता, एक क्लबातलं दृश्य, एक भर उन्हातलं. स्कॅनर दात नसलेला, छिद्रं कॅमेऱ्यानं ओळखणारा. आकसलेल्या फिल्मला दुसरा पर्याय नाही.

टेस्ट वाया गेली. लॅबनं फक्त चित्राची चौकट कापून दिली, आवाजाचा काठ नाही, छिद्रं नाहीत. ऑर्डरमध्ये हे लिहून द्यावं लागतं: काठापासून काठापर्यंत, आणि वर-खाली शेजारच्या फ्रेमचा थोडा भाग धरून. आवाज चित्रावरूनच काढायचा असेल तर हा वर-खालचा भाग हवाच, त्याशिवाय दोन फ्रेममधला आवाज नीट सांधत नाही.

आणखी एक हिशेब. २के म्हणजे रुंदीत २०४८ पिक्सेल. ते १६ मिमीच्या पूर्ण रुंदीवर पसरले तर १० मिमीच्या चित्राला १,३०० च हाती लागतात. म्हणून ४के घेतलं, चित्राला २,५०० च्या आसपास मिळतात. दर फुटावर ठरतो की मिनिटावर, आणि पुन्हा स्कॅन करावं लागलं तर पैसे कोणाचे, हे आधीच विचारून घ्यावं.

रात्रीच्या दृश्यांत सावल्या दाट काळ्या. एकाच उजेडात घेतल्यावर कोटाची कॉलर आणि मागची भिंत एकजीव झाल्या. दोन वेगवेगळ्या उजेडांत घेऊन एकत्र केल्यावर कॉलर सुटी झाली. वेळ दुप्पट लागतो, पण या जातीच्या सिनेमात निम्मी गोष्ट सावलीत घडते.

२ डिसेंबर

एक गाणं मिळालं. दुसऱ्या संग्राहकाकडच्या गाण्यांच्या रिळात अॅकॉर्डियनवालं गाणं, १३२ फूट, ३ मिनिटं ४० सेकंद. त्याच्या शेवटच्या २६ फ्रेमच्या काठावर इन्स्पेक्टरचं हरवलेलं पहिलं वाक्य तसंच्या तसं आहे. त्यामुळे स्कॅन करताना पट्टीच्या दोन्ही टोकांना हात न लावता, पूर्ण घ्यायची.

दुसरं गाणं फक्त ७८ आरपीएमच्या तबकडीवर. तबकडीवरून सिनेमात भरणं टाळलं. तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांहून फारसं काही मावत नसे, त्यामुळे तबकडीसाठी गाणं आखडतं घेत. पडद्यावर एखादा अंतरा जास्त, सुरुवातीचं वाद्यवादन लांब, कधी लयही निराळी. चित्रच नाही तिथे तबकडी वाजवणं म्हणजे नसलेल्या गोष्टीचा आभास. त्या जागी काळी पाटी: ‘येथील गाणे या प्रिंटमध्ये उपलब्ध नाही’. चार सेकंद, बस.

हिशेब: तूट २७९, मिळाले १३२, उरले १४७. त्यातलं १३८ च्या आसपास त्या दुसऱ्या गाण्याचं धरलं तर नऊ फूट, म्हणजे ३६० फ्रेम, जोडाजोडांत गळल्या.

१५ डिसेंबर

पूर्ण स्कॅन. तिसरं रीळ आधी. ५,०३७ फूट, २,०१,४८० फ्रेम. एकाच करड्या चॅनेलमध्ये, १६ बिट, ४०९६ बाय २३०४: फ्रेमला जवळपास १९ मेगाबाइट, एकूण सुमारे ३.८ टेराबाइट. तीन रंगांत घेतलं असतं तर तिप्पट, आणि कृष्णधवल प्रिंटमधून त्या जास्तीच्या डेटाचा काही उपयोग नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती, प्रत्येक फाइलचा एमडी५ आकडा (फाइल जशीच्या तशी आहे का ते यावरून कळतं) आणि कॉपी झाल्यावर तो ताडून पाहणं. ही तपासणी रात्रभर चालते, चालू द्यावी.

२८ डिसेंबर

आवाज. एईओ-लाइट हे मोफत सॉफ्टवेअर स्कॅनमधला आवाजाचा काठ वाचून ध्वनी बनवतं. आपला काठ नागमोडी कडेचा, म्हणजे व्हेरिएबल एरिया. करड्या आडव्या पट्ट्या असत्या तर व्हेरिएबल डेन्सिटी, आणि सॉफ्टवेअरची मांडणी बदलावी लागली असती. निघालेला आवाज चित्राच्या २६ फ्रेम पुढे असतो, तेवढा मागे सरकवायचा. ओठ जुळतात का हे लांबच्या दृश्यात बघण्यात अर्थ नाही. टेबलावर ग्लास आपटतो तो फ्रेम धरला.

गळलेल्या फ्रेमच्या जागी चित्र एका ठिकाणी उडी मारतं आणि आवाज त्यानंतर २६ फ्रेमनी. हे प्रत्येक जोडाला हातानं नीट करावं लागलं. जोडांची जागा वहीतून मिळाली.

१६ मिमीच्या या काठावर सहा-सात हजार हर्ट्झच्या वर कामाचं काही नसतं, नुसती खरखर. त्यावरचं कापलं. सरसकट नॉइज रिडक्शन लावून पाहिलं तर गायिकेचा ‘स’ बोबडा झाला आणि पावलांचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे. काढून टाकलं. खुटखुट एकेक करून हातानं काढली.

१९ जानेवारी

चित्राची दुरुस्ती. सर्वांत जास्त वेळ इथेच गेला, त्यातला बराचसा सॉफ्टवेअरनं केलेलं पूर्ववत करण्यात.

धूळ आपोआप काढणारी साधनं एका साध्या नियमावर चालतात: जे एकाच फ्रेममध्ये आहे, आधीच्या आणि पुढच्या फ्रेममध्ये नाही, ते घाण. गुन्हेपटात या नियमाला बळी पडणाऱ्या गोष्टींची कमतरता नाही. पावसाचे थेंब गेले. नायक कोरड्या रस्त्यावर छत्री धरून उभा. क्लबातल्या नर्तिकेच्या पोशाखावरच्या टिकल्या विझल्या. पिस्तूल झाडल्याचा झोत एकाच फ्रेमचा असतो, तोही गेला, आणि माणूस नुसत्या आवाजानं पडला. पाऊस, टिकल्या, गोळीबार आणि गाड्यांचे दिवे असलेली सगळी दृश्यं यादी करून आपोआप सफाईतून वगळली, तिथे फ्रेमगणिक हातानं.

धुराचं दुखणं निराळं. कणी, म्हणजे फिल्मच्या चित्रातला रवाळपणा, कमी करणारं साधन आसपासच्या फ्रेमची सरासरी घेतं, त्यानं सिगारेटचा धूर गोठून त्याच्या पायऱ्या दिसू लागल्या. कणी ठेवली. १६ मिमीला कणी असते, ती घाण नव्हे.

पांढरे ठिपके आणि काळे ठिपके वेगळे ओळखावेत. काळा ठिपका बहुधा या प्रिंटवरची धूळ. नीट पुसली तर जाते. पांढरा म्हणजे छापताना निगेटिव्हवर बसलेली धूळ, ती चित्राचाच भाग झालेली, कितीही पुसा.

चित्र स्थिर करण्यासाठी छिद्रांचा आधार घ्यायचा, चित्रातल्या वस्तूंचा नाही. गाडीत बसलेली जोडी आणि मागच्या काचेतून धावणारी मरीन ड्राइव्ह: स्टुडिओत मागच्या पडद्यावर वेगळी फिल्म टाकून घेतलेलं हे दृश्य. त्या मागच्या फिल्मचा हादरा स्वतंत्र असतो. सॉफ्टवेअरनं रस्ता स्थिर केला आणि जोडीच डुलायला लागली.

कोपऱ्यातली गोल खूण, ३५ मिमीचं रीळ बदलण्याची, मूळ निगेटिव्हवरून इथे उतरलेली. ती तशीच ठेवली. रीळ कुठे संपत होतं ते तिच्यावरून कळतं. दोन ठिकाणी ती नाही, आणि गळलेल्या ३६० फ्रेमपैकी बऱ्याच तिथल्याच.

९ फेब्रुवारी

डीसीपी, म्हणजे हॉलच्या डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारा फाइलींचा संच. २के फ्लॅट चौकट १९९८ बाय १०८०, त्यात १.३७ चं (उंचीच्या १.३७ पट रुंद) चित्र १४८० बाय १०८०, दोन्ही बाजूंना काळं. हिंदीत सिनेमास्कोप ‘कागज के फूल’नं १९५९ मध्ये आणला, त्याआधीच्या सिनेमाचं रुंद पडद्याला भरून बसणारं रूप कोणी दाखवलं तर वरून केस आणि खालून हात कापले गेलेत असं समजावं. हॉलच्या ऑपरेटरला हे लेखी दिलं, कारण बाजूचं काळं बघून झूम करण्याचा मोह होतो. चाचणीला पहिलं रीळ लावलं तेव्हा तसंच झालं, नामावलीतली वरची ओळ पडद्याबाहेर. सेटिंग बदलून घेतलं.

तिसरं रीळ आता हवा खेळती राहणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसकट, बाकी दोघांपासून दूर. गाण्याची १३२ फुटांची पट्टी मालकाकडे परत. तिच्यावरही ए-डी पट्टी ठेवली होती, आकडा १. त्यांना सांगितलंय की गाण्यांचं अख्खं रीळ तपासून घ्या, त्यात व्हायोलिननं सुरू होणारं काही निघालं तर आधी कळवा.